यादवी सुरू झाली हे लोकांना कळतं का? (श्रीलंकेच्या निमित्ताने)

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मागच्या आठवड्यात श्रीलंकेवर बोलत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, आपल्या देशात यादवी सुरू झालीये हे तिथल्या लोकांना कळतं का हो? की नंतर पुस्तकात वाचून कळतं?" तास संपला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पुस्तकात २३ जुलै १९८३ ही तारीख असते. त्या रात्री उत्तरेत, तामिळ वस्तीच्या जाफन्याजवळ तिरुनेलवेलीत, 'वाघांनी' (एलटीटीई, वेगळ्या तामिळ देशासाठी लढणारी संघटना) दबा धरून लष्कराचे १३ जवान मारले. दुसऱ्या दिवशी कोलंबोच्या स्मशानात त्यांच्या अंत्यविधीची तयारी होती. शव यायला उशीर झाला, गर्दी बिथरली आणि बोरेल्लापासून तामिळांची दुकानं पेटायला लागली. पुढचा आठवडा म्हणजे 'काळा जुलै'. मेलेल्यांचा सरकारी आकडा चारशेच्या आसपास, तामिळ संघटनांचा तीन हजारांपर्यंत.

मला ही तारीख पटत नाही. हातात मतदार याद्या घेऊन तामिळांची घरं शोधणारे जमाव एका रात्रीत तयार होत नाहीत. माझ्या मते ही यादवी एप्रिल १९५८ मध्ये सुरू झाली. का ते पुढे लिहितो. आधी तुमचं मत सांगा. कुणाला तिथला स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा अनुभव असेल तर तोही जरूर लिहा.

पाणवठा

सर, छान धागा. 'यादवी' हा शब्दच किती बोलका आहे बघा. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादव आपसात लढून संपले, पण ऋषींच्या शापाने झालेलं मुसळ त्यांनी आधीच कुटून, चूर्ण करून समुद्रात टाकलं होतं. प्रश्न मिटला असं त्यांना वाटलं. त्याच चुऱ्याची एरका नावाची लव्हाळी किनाऱ्यावर उगवली आणि शेवटी तीच हाताला लागली. तुमच्या विद्यार्थिनीला हे सांगा. यादवांना कळलं नव्हतं.

रोखठोक

मी असहमत. अन्याय झाला म्हणजे यादवी होतेच असं असतं तर अर्धं जग पेटलेलं असतं. भाषेवरून आपल्याकडे काय कमी झालं? संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गोळीबारात गेली. झाली का यादवी? यादवीला बंदूक लागते, पैसा लागतो आणि सीमेपलीकडे लपायला जागा लागते. ८३ नंतर तामिळ गटांना आपल्याच देशात छावण्या आणि प्रशिक्षण मिळालं. परदेशी गेलेल्यांकडून पैसा आला. ते नसतं तर चार-दोन वर्षं दंगली होऊन विझलं असतं. सर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून स्पष्ट बोलतो, इतिहासात कारण आणि निमित्त वेगळं करताना आपण हत्यार विसरतो.

खडूफळा

@रोखठोक, तुमचंच उदाहरण घेतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे मागणी करणाऱ्याच्या हाती काहीतरी पडलं. सभा, मोर्चा, मतपेटी या रस्त्याने गेलं की मिळतं हे लोकांनी पाहिलं.

तिकडे काय झालं? जून १९५६ मध्ये 'फक्त सिंहली' कायदा आला. कोलंबोला समुद्राकाठच्या मैदानात तामिळ खासदार शांतपणे सत्याग्रहाला बसले तर जमावाने त्यांना मारलं. तरीही १९५७ च्या जुलैमध्ये पंतप्रधान बंदरनायके आणि तामिळ नेते चेल्वनायकम यांच्यात करार झाला. उत्तर-पूर्वेत प्रादेशिक परिषदा आणि तिथल्या कारभारात तामिळ, बस इतकंच. वेगळा देश कुणी मागितला नव्हता.

मग वाहनांच्या पाट्यांवर सिंहली लिपीतलं 'श्री' आलं. जाफन्यात लोकांनी त्यावर डांबर फासलं, कोलंबोत तामिळ पाट्यांवर डांबर फासलं गेलं. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंचा जथा पंतप्रधानांच्या बंगल्यासमोर ठाण मांडून बसला. करार रद्द केल्याचं त्यांनी लेखी मागितलं आणि बंदरनायक्यांनी ते लिहून दिलं. पुढच्याच महिन्यात पहिली मोठी दंगल. १९५९ मध्ये बंदरनायके गेले तेही एका भिक्खूच्या गोळीने.

१९६५ मध्ये नवे पंतप्रधान डडली सेनानायके आणि तेच चेल्वनायकम यांचा दुसरा करार झाला, तोही बारगळला. सरळ माणूस दोनदा रिकाम्या हाताने घरी आला की त्याची मुलं त्याचं कशाला ऐकतील? बंदूक नंतर आली हो. तिच्यासाठी जागा आधी रिकामी झाली.

शेवगा

+१. त्यात १९४८ चा नागरिकत्व कायदाही धरा. स्वातंत्र्य मिळाल्याच्या वर्षातच चहामळ्यांतले लाखो भारतीय वंशाचे तामिळ मजूर नागरिकत्वाबाहेर गेले.

आलंलिंबू

माझ्यासारखीला प्रश्न पडलाय, सिंहली लोक तर पाऊणशे टक्के. त्यांना भीती कसली होती?

पाणवठा

@आलंलिंबू ताई, भीती खरी होती, तिच्यावर उभं केलेलं राजकारण वाईट होतं. इंग्रजांच्या काळात जाफन्यात मिशनऱ्यांच्या चांगल्या शाळा होत्या. जमीन कोरडी, नदी एकही नाही, सगळं विहिरीवर. त्यामुळे पोरगा शिकला की कारकून, डॉक्टर, इंजिनियर. सरकारी नोकऱ्यांत तामिळ लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसायचे. दक्षिणेतल्या सिंहली खेड्यातला मुलगा सिंहलीत शिकायचा आणि इंग्रजीच्या दारात अडकायचा. शिवाय समोर खाडीपलीकडे तामिळनाडूतले कोट्यवधी तामिळ. आपली भाषा जगात दुसरीकडे कुठेच नाही, ती बुडेल, ही धास्ती. बेटावर बहुसंख्य आणि मनाने अल्पसंख्य.

मग १९७१ पासून विद्यापीठ प्रवेशात 'प्रमाणीकरण' आणलं. त्या वर्षी वैद्यकीयला ४०० पैकी सिंहली माध्यमाच्या मुलाला २२९ गुण पुरत होते, तामिळ माध्यमाच्या मुलाला २५० लागत. २१ गुणांचा फरक! घरात अठरा वर्षांचा मुलगा असलेल्या कुणालाही विचारा २१ गुण म्हणजे काय. १९७२ च्या नव्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं. १९७६ मध्ये वट्टुकोट्टईला तामिळ पक्षांनी वेगळ्या देशाचा ठराव केला, आणि प्रभाकरनच्या संघटनेने एलटीटीई हे नाव घेतलं तेही त्याच वर्षी.

ताम्हिणी

वाचतेय. थांबू नका.

गालफेस

मी नोकरीनिमित्त चार वर्षं कोलंबोत होतो, युद्ध संपल्यानंतर. ऑफिसातला आमचा अकाउंटंट सिंहली, वयाने मोठा, फार मायाळू माणूस. एकदा ऑफिसात पाणी गळत होतं म्हणून मी सहज मराठीत बोलून गेलो, "अरे बालदी आणा." तो चमकून बघायला लागला. सिंहलीतही बादलीला 'बाल्दिय' म्हणतात. मला मौज वाटली, त्याला नाही. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, ८३ मध्ये जमाव बस थांबवून लोकांना हाच शब्द म्हणायला लावायचे. तामिळ माणसाला सुरुवातीचा 'ब' नीट यायचा नाही, तोंडातून 'वाल्दिय' यायचं. ज्याच्या तोंडून 'व' आला त्याला खाली ओढायचे.

तो तेव्हा विशीत होता, बसच्या मागच्या सीटवर. त्याच्या पुढच्या सीटवरचा माणूस 'बाल्दिय' बरोबर म्हणाला, पण घाबरून इतक्या हळू म्हणाला की दोनदा म्हणायला लावलं. तेव्हा आपण काहीच बोललो नाही, असं तो म्हणाला. एवढं सांगून उठला आणि स्वतः बादली घेऊन आला.

रोखठोक, तुम्ही म्हणता ती बंदूक या गोष्टीत कुठेच नाही.

आलंलिंबू

अंगावर काटा आला. रोज सकाळी तोंडात असणारा शब्द.

माडबाग

दोन्हीकडे तो पोर्तुगीजांकडून आला. मूळ 'बाल्द'. आम्हा गोंयकारांकडे खिडकीला जनेल, सिंहलीत जनेलय. आपला पाव तो त्यांचा 'पान'. आपली सपाता तो त्यांचा 'सपत्तुव'.

शेवगा

पोर्तुगीज गेले आणि अख्खा संसार मागे ठेवून गेले म्हणायचं. :) माडबाग, यावर वेगळा धागा काढाच. मी पहिला प्रतिसाद देईन.

माडबाग

काढतो, गणपतीनंतर.

पिवळी_माती

मी धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको चाललं होतं. मी फौजेतून निवृत्त. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत, जाफन्याला होतो. पलटणीचं नाव लिहीत नाही.

२९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीवजींवर श्रीलंकेच्याच एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला, तेव्हाच समजायला हवं होतं की तिकडे सगळे खूश नाहीत. पण जाफन्यात आम्हाला हार घातले. लोक शहाळी आणून द्यायचे. ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, अरुंद गल्ल्या, प्रत्येक घरी सायकल. एक शाळामास्तर रोज सकाळी आमच्या चौकीवरून जायचे. सायकलवरूनच हात वर करून "गुड मॉर्निंग" म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

सप्टेंबरात वाघांचा थिलीपन उपोषणाला बसला, पाणीसुद्धा घेत नव्हता, २६ तारखेला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाघांचे १७ जण समुद्रात पकडले गेले होते. त्यांना कोलंबोला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी सायनाइड घेतलं, १२ मेले. त्यानंतर सगळं फिरलं. शस्त्रं ठेवून घ्यायला गेलेले आम्ही लढायला लागलो. विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतला एकच जवान जिवंत राहिला. नकाशे धड नव्हते. कोण कुठल्या घरातून मारतोय कळायचं नाही आणि त्याच घरात बायका-पोरंही असायची.

२५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. मुंबईत जन्मलेले, मुंबईत शिकलेले. रात्री शोधमोहिमेवरून परतताना हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर. त्यांच्या कंपनीतल्या मुलांना आम्ही नंतर भेटलो. कुणी बोलत नव्हतं.

मास्तर डिसेंबरातही चौकीवरून जायचे. आता लांबूनच सायकलवरून उतरायचे, मान खाली घालून सायकल ढकलत जायचे आणि वळणापलीकडे जाऊन बसायचे. तसा हुकूमच होता, चौकीसमोर सायकल चालवायची नाही. हुकूम आमचाच होता. मला रोज वाटायचं त्यांना थांबवून काहीतरी बोलावं.

नदीकाठ

काका, वाचून डोळे भरले. विचारू का नको कळत नाही, पण विचारते. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या जवानांनी रुग्ण आणि डॉक्टर, परिचारिका मारल्या, तिथले लोक आजही तो दिवस पाळतात. त्याबद्दल आपल्याकडे कुणीच बोलत नाही.

पिवळी_माती

विचारलंत ते बरं केलंत. मी तिथे नव्हतो. आतून गोळीबार झाला आणि चकमकीत माणसं गेली असं आम्हाला सांगितलं होतं. नंतर तिथल्या लोकांनी सांगितलेलं वाचलं. पांढऱ्या कोटातली माणसं हात वर करून आली होती, असं त्यांनी लिहिलंय. साठ-सत्तर जीव गेले. मी माझ्या पलटणीचा अभिमान सोडणार नाही, आणि ते लोक खोटं बोलतात असंही म्हणणार नाही.

आमचे जवळजवळ १२०० जवान तिथे कामी आले. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. मद्रासला उतरलो तर राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नव्हते. तामिळांना मारून आलेली फौज, असं त्यांचं म्हणणं. आणि तिकडे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांच्या सरकारने आम्हाला घालवायला वाघांनाच हत्यारं दिली होती. पुढे १९९३ मध्ये वाघांनीच प्रेमदासांना मारलं.

रोखठोक

काका, तुम्हाला सलाम. माझं मत थोडं बदलून लिहितो. सुरुवात हत्याराने होत नाही हे मान्य. पण ती २६ वर्षं चालली ती हत्याराने, यावर मी ठाम आहे. एकदा दोन्हीकडे बंदूकवाले बसले की मधल्या माणसाला कुणीच जगू देत नाही. जाफन्याचे महापौर दुरैअप्पा १९७५ मध्ये गेले, ते तामिळच. १९८६ मध्ये वाघांनी टेलो या दुसऱ्या तामिळ गटाची शेकडो पोरं संपवली. विरोधी पक्षनेते राहिलेले अमृतलिंगम, वाघांनी १९८९ मध्ये कोलंबोत गोळ्या घातल्या. तोडग्याचा मसुदा लिहिणारे नीलन तिरुचेल्वम, १९९९. आणि दक्षिणेत त्याच काळात जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाच्या बंडात सिंहली सिंहलींना मारत होते, रस्त्याकडेला टायर घालून प्रेतं जाळलेली. म्हणून मी म्हणतो, कारण काहीही असो, बंदूक आली की ती आधी स्वतःच्याच घरातला शहाणा माणूस मारते.

खडूफळा

@रोखठोक, मान्य. पूर्ण मान्य. हे वर्गात सांगेन.

सतार_मिरज

सगळे सिंहली-तामिळ बोलताय. उत्तरेतल्या मुसलमानांचं काय? तेही तामिळच बोलायचे, घरात, दुकानात, मशिदीच्या अंगणात. ऑगस्ट १९९० मध्ये पूर्वेला काट्टानकुडीच्या मशिदींत नमाज पढणारी शंभरावर माणसं वाघांनी मारली. ऑक्टोबरअखेर उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना बाहेर काढलं, सत्तर हजारांच्या वर. जाफना शहरातल्यांना दोन तास दिले. पैसे, दागिने काढून घेतले. ज्यांनी स्वतः घरं जळताना पाहिली त्यांनी हे केलं. पुत्तलमच्या छावण्यांत त्यातली मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली.

त्यांची यादवी कधी सुरू झाली, सर? ते तर भांडणात नव्हतेच.

खडूफळा

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. १९५८ ही माझी तारीख त्यांच्यासाठी काही कामाची नाही हे मात्र लख्ख दिसलं.

आलंलिंबू

आणि संपली कधी? मे २००९ ना?

नदीकाठ

१८ मे २००९, मुळ्ळिवायक्काल. समुद्र आणि नंदिकडल खाडी यांच्या मधली वाळूची पट्टी. २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली होती. २००४ मध्ये वाघांचा सेनानी करुणा पूर्वेचे लढवय्ये घेऊन फुटला, तिथून वाघांची बाजू ढासळली. २००६ ला पुन्हा पेटलं. २००९ च्या जानेवारीत वाघांचं मुख्य ठाणं किलिनोच्ची पडलं आणि वाघ लाखो लोकांना ढालीसारखे सोबत घेऊन मागे सरकत गेले. जायला निघालेल्यांवर वाघांनी गोळ्या झाडल्या. सरकारने 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं आणि त्याच क्षेत्रात तोफगोळे पडले. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने शेवटच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत नागरिक गेले असावेत असं म्हटलं. तेव्हा खायला फक्त तांदळाची पातळ पेज उरली होती. आता दरवर्षी मे महिन्यात तिकडे तीच पेज, मुळ्ळिवायक्काल कंजी, रस्त्यावर वाटतात. मीठ असेल तर मीठ, बाकी काही नाही.

पण 'संपली' म्हणवत नाही. २०१७ पासून किलिनोच्ची आणि वावुनियात आया रस्त्याकडेला मांडव घालून बसल्या आहेत, बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन. शेवटच्या दिवशी लष्कराच्या हवाली केलेली मुलं. कित्येक आया बसल्या जागीच म्हाताऱ्या होऊन गेल्या.

स्कारबरोकर

टोरोंटोहून लिहितोय. १० मे २००९ ला आम्ही इथल्या गार्डिनर महामार्गावर अडकलो होतो. हजारो तामिळ लोक रस्त्यावर उतरले होते, बायका बाबागाड्या घेऊन पुढे. त्या दिवशी मदर्स डे होता. मी गाडीत चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. मग गर्दीत आमच्या शेजारच्या अक्का दिसल्या. वर्षभर त्यांच्या हातचं सांबार खाल्लं होतं, पण त्या कुठून आल्या हे कधी विचारलं नव्हतं.

हा धागा वाचून काल मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि सरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तुम्हाला कळलं होतं का?

अक्का ८३ मध्ये चौदा वर्षांच्या, कोलंबोत वेल्लवत्तेला राहायच्या. म्हणाल्या, ५८ च्या दंगलीनंतर आजोबा सगळ्यांना जाफन्याला चला म्हणत होते. वडील म्हणायचे, दंगल येते आणि जाते. ७७ ला पुन्हा झाली, तेव्हाही तेच म्हणाले. ८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जळलं, ९७,००० पुस्तकं, ताडपत्रं सगळी गेली. त्या दिवशी मात्र वडील जेवले नाहीत. तरी कोलंबो सोडलं नाही, कारण नोकरी तिथे, शाळा तिथे.

२४ जुलैला रविवार होता. रात्री आईने दोसयसाठी वाटलेलं पीठ झाकून ओट्यावर ठेवलं. सोमवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी धूर दिसला. शेजारच्या सिंहली बाईंनी मागच्या भिंतीवरून सगळ्यांना ओढून घेतलं आणि दिवसभर कोठीच्या खोलीत लपवलं. संध्याकाळी आई त्या बाईंना म्हणाली, "मी पटकन जाऊन पीठ फ्रिजमध्ये ठेवून येते, नाहीतर आंबून उतू जाईल." बाईंनी तिचा हात धरून ठेवला. घर तोवर जळून गेलं होतं, ते आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिथून छावणी, छावणीतून मालवाहू जहाजाने उत्तरेला, पुढे रामेश्वर, आणि शेवटी इथे.

अक्का म्हणाल्या, आजोबांना अठ्ठावन्नलाच कळलं होतं. वडिलांना ग्रंथालय जळलं तेव्हा. आई मात्र पीठ म्हणत होती.

खडूफळा

उद्या पहिला तास त्याच वर्गावर आहे. अक्कांना विचाराल का, हे मी मुलांना सांगितलं तर चालेल का?

स्कारबरोकर

विचारलं. चालेल म्हणाल्या. शेजारच्या बाईंचंही सांगा म्हणाल्या, ते गाळू नका.